रोख्यामागचा हिशेब

सुपे हे गाव आज बारामती तालुक्यात येते. १८७५ साली ते भीमथडी तालुक्यात होते आणि तिथे आठवड्याचा बाजार भरत असे. त्या वर्षी १२ मे रोजी बाजाराला जमलेले कुणबी मीठमिरची घेऊन घरी परतले नाहीत. ते सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. दुकाने फुटली, लुटालूट झाली. पण जमावाचा खरा डोळा होता तो कागदांवर. रोखे, गहाणखते, कोर्टाचे हुकूमनामे, हिशेबाच्या चोपड्या असे जे हाती लागले ते रस्त्यात आणून पेटवले. माणसांना मारहाण मात्र नवल वाटावे इतकी थोडी झाली. ज्या सावकाराने निमूटपणे दप्तर काढून दिले त्याच्या अंगाला बहुतेक ठिकाणी कुणी हात लावला नाही. पुढच्या काही आठवड्यांत पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत हाच प्रकार झाला. इतिहासाची पुस्तके याला दख्खनचे दंगे म्हणतात.

सुप्यापासून चाळीसेक मैलांवर, पुण्याच्या कोर्टात, तेव्हा पहिल्या वर्गाचे सबजज्ज म्हणून काम पाहत होते माधव गोविंद रानडे. वय तेहतीस. अंगाने धिप्पाड, डोळ्यांनी अधू.

न्यायमूर्ती रानडे म्हटले की आपल्याला प्रार्थना समाज आठवतो, विधवाविवाहाचा वाद आठवतो, पंचहौद मिशनमधला तो चहा आणि त्यावरून पुण्यात उठलेले वादळ आठवते. घरात पुस्तके असतील तर रमाबाईंनी लिहिलेल्या आठवणी कुणीतरी वाचलेल्या असतात आणि अकरा वर्षांच्या त्या मुलीला पाटी-पेन्सिल देणारा तिचा पती आठवतो. हे सगळे रानडे खरेच. पण ज्याने सारी उमेद लोकांच्या कर्जाच्या फायली चाळण्यात घालवली अशा माझ्यासारख्याला आणखी एक रानडे जवळचे वाटतात. कर्जात बुडालेल्या माणसाला सरकारने हात द्यायचा म्हणजे नेमके काय करायचे, या प्रश्नाला आपल्या देशात ज्यांनी खुर्चीवर बसून, मिसली उलगडून, गावोगाव फिरून तोंड दिले त्यांतले हे पहिल्या रांगेतले गृहस्थ. मधली थोडी वर्षे वगळता १८८१ पासून १८९३ पर्यंत त्यांनी हेच काम केले. त्यांच्या चरित्रांत या बारा वर्षांना एखाददुसरे पान मिळते.

जन्म निफाडचा, १८ जानेवारी १८४२. वडील गोविंदराव पुढे कोल्हापूर संस्थानात नोकरीला, त्यामुळे बालपण कोल्हापुरात गेले. तिथून मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये. १८६२ साली मुंबई विद्यापीठाने जे पहिले पदवीधर बाहेर काढले त्यांत हे होते. अतोनात वाचनाने डोळे त्याच काळात बिघडले ते कायमचे. एम. ए. झाले, कायद्याची परीक्षा झाली. थोडे दिवस अक्कलकोटचे कारभारीपण, थोडे दिवस कोल्हापुरात न्यायाधीशी, काही काळ एल्फिन्स्टनमध्ये अध्यापन. १८७१ साली पुण्याच्या कोर्टात आले आणि गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांच्या सार्वजनिक सभेच्या पाठीमागचा मेंदू बनले. दिवसा सरकारची नोकरी, संध्याकाळी सरकारला पाठवायच्या अर्जांचे मसुदे. सभेने रयतेच्या स्थितीची चौकशी चालवली होती. सारा किती, पीक किती, घरात काय उरते, याची माहिती गोळा होत होती. रानड्यांच्या हाताखालून ती सगळी गेली.

आता त्यांच्या दिवसाच्या कामाकडे पाहू. त्या काळच्या दिवाणी कोर्टात कर्जाचा दावा कसा चालत असे? सावकार रोखा हजर करी. रोख्यावर कुळाचा अंगठा किंवा नांगराची निशाणी. साक्षीदार सांगत की निशाणी यानेच केली. कूळ बहुधा कोर्टात येतच नसे. समन्स कळलेले नसे, कळले तरी वीस कोसांवर जाऊन सांगायचे काय, हा प्रश्न असे. दावा एकतर्फी निकालात निघे. निशाणी खरी म्हणजे कर्ज खरे, एवढेच कोर्टाला पाहायचे होते. मुळात हातात किती रुपये पडले होते हे विचारण्याची मुभा कायद्याने न्यायाधीशाला जवळजवळ ठेवलीच नव्हती. रानड्यांच्या पुढ्यातही असे दावे येत असणारच, आणि त्यांच्या सहीनेही असे हुकूमनामे निघाले असणारच. पुढच्या त्यांच्या कामाकडे मी या बाजूने पाहतो.

हे कर्ज वाढले कसे? धान्य खाऊन उधळपट्टी करणारा कुणबी आणि लग्नात पैसा उडवणारा कुणबी, ही साहेबाची आवडती उत्तरे. रानड्यांना ती पटत नव्हती. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले होते. तिथला कापूस थांबला, आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, सावकाराने हात सैल सोडला. युद्ध संपले, भाव कोसळले. नेमक्या त्याच सुमारास सरकारने साऱ्याची फेरआकारणी सुरू केली आणि इंदापूर, भीमथडी भागांत सारा भरमसाट वाढला. सारा रोखीने भरायचा, ठरल्या तारखेला भरायचा, पीक विकले गेले असो वा नसो. म्हणजे वर्षातून दोनदा कुणब्याला सावकाराकडे पाठवण्याची व्यवस्था सरकारनेच करून ठेवलेली होती.

त्यात १८५९ चा मुदतीचा कायदा. हेतू चांगला: जुने रोखे उकरून सावकाराने कुळाला छळू नये, म्हणून साध्या रोख्याला तीन वर्षांची मुदत. प्रत्यक्षात काय झाले ते एका उदाहरणाने सांगतो. आकडे माझे आहेत, रीत त्या काळची आहे.

धरा, एका कुणब्याने बैलासाठी ५० रुपये घेतले. दरमहा दर शेकडा २ रुपये व्याज. तीन वर्षांनी व्याज झाले ३६. मुदत संपत आली म्हणून सावकाराने नवा रोखा करून घेतला, ८६ रुपयांचा. नवा पैसा एकही दिला नाही, पण कागदावर आता मुद्दल ८६. आणखी तीन वर्षांनी रोखा झाला सुमारे १४८ चा. नवव्या वर्षी आकडा अडीचशेच्या वर गेला. मधल्या काळात कुणब्याने खळ्यावरून जी ज्वारी दिली, कडबा दिला, तिची पावती नाही. चोपडीत जमा झाली तर सावकाराच्या मर्जीने. कायदा कुळाच्या रक्षणासाठी केला होता आणि त्यानेच दर तीन वर्षांनी व्याजाला मुद्दल बनवले. हिंदू धर्मशास्त्रातला दामदुपटीचा नियम, एका वेळी व्याज मुद्दलापेक्षा अधिक मागता येत नाही हा, मुंबई इलाख्यात कोर्टे मानत होती. पण दर तीन वर्षांनी मुद्दलच नवे होत असेल तर दामदुपट कशावर लावणार?

दंग्यांनंतर सरकारने कमिशन नेमले, त्याने जाडजूड अहवाल दिला. तेवढ्यात १८७६ ते ७८ चा दुष्काळ आला आणि अहवाल काय सांगतो ते रस्त्यावरच दिसू लागले. अखेर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरता. जगात कुठल्याही सरकारने कर्जदाराच्या बाजूने केलेल्या कायद्यांत तो उठून दिसावा असा होता.

या कायद्याने काय केले? न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जायला सांगितले. रोखा कितीचा आहे हे नंतर. पहिला पैसा कधी दिला, किती दिला, परत काय आले, हे दोन्ही पक्षांना समोर बसवून शोधायचे. मुद्दल वेगळे, व्याज वेगळे. व्याजावर व्याज धरायचे नाही. व्याजाचा दर वाजवी वाटेल तो कोर्टाने ठरवायचा. वरच्या उदाहरणात शेकडा १२ वार्षिक वाजवी धरला तर नऊ वर्षांचे व्याज ५४, मुद्दल धरून १०४; आणि कुणब्याने ६० रुपयांची ज्वारी दिल्याचे शाबीत झाले तर ढोबळ हिशेबाने देणे उरते ४४. अडीचशेचे चव्वेचाळीस. तेही हप्त्यांनी फेडण्याची सवलत. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. जमीन स्पष्टपणे गहाण दिलेली नसेल तर साध्या पैशाच्या हुकूमनाम्यात ती विकता येईना. रोखे गावच्या नोंदणी कामगारापुढे लिहायचे. पावती मागण्याचा, हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क कुळाला मिळाला. दाव्याआधी तडजोडीसाठी गावातल्या प्रतिष्ठित माणसापुढे जाण्याची सोय झाली. सार्वजनिक सभेच्या मंडळींनी लवाद कोर्टांचा जो प्रयोग केला होता त्याच्याशी ही कल्पना मिळतीजुळती होती. नादार ठरवून मोकळे होण्याची वाटही कायद्यात होती. आणि या सगळ्या कोर्टांच्या निकालांवर सतत नजर ठेवण्यासाठी एक खास न्यायाधीश.

रानडे तेव्हा कुठे होते? सरकारच्या वाईट नजरेत होते. १८७८ साली त्यांची नाशिकला बदली झाली. पुढच्या वर्षी वासुदेव बळवंतांचे बंड, पुण्यात बुधवार वाड्याला आणि विश्रामबाग वाड्याला आगी, आणि रानडे धुळ्याला. धुळ्यात त्यांची टपाले फोडून वाचली जात होती. रमाबाईंनी हे सगळे लिहून ठेवले आहे. माणूस निर्दोष आहे अशी सरकारची खात्री पटायला काही काळ गेला, आणि १८८१ साली त्याच सरकारने त्यांना या नव्या कायद्याच्या कामावर, खास न्यायाधीश डॉ. पोलन यांचे साहाय्यक म्हणून नेमले. पुणे आणि सातारा जिल्ह्यांतल्या कोर्टांची तपासणी त्यांच्याकडे आली. पुढे पोलन गेल्यावर, १८८७ च्या सुमारास, खास न्यायाधीश स्वतः रानडेच झाले.

तपासणी या शब्दाने बँकेतल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. इन्स्पेक्टर येणार म्हणजे कपाटे झाडायची, राहिलेल्या सह्या करून घ्यायच्या. रानड्यांची तपासणी निराळ्या जातीची होती. वर्षातले कित्येक महिने फिरतीवर. रमाबाई बहुतेक वेळा बरोबर असत. बैलगाडीचा प्रवास, आज या कसब्याला तर परवा पुढच्या. मुक्कामी पोहोचले की कोर्टाच्या मिसली समोर येत. मुन्सफाने खरोखर मुळापर्यंत चौकशी केली आहे का, की रोख्याचा आकडा उतरवून मोकळा झाला? कुळाला हजर केले होते का? जमा धरलेल्या ज्वारीचा भाव कुठला लावला? हप्ते बांधून दिले ते त्या माणसाच्या शेताला झेपणारे आहेत का? छोट्या दाव्यांत अपील नव्हते, त्यामुळे खास न्यायाधीशाने चूक पकडली नाही तर ती तशीच राहणार. अधू डोळ्यांनी, कंदिलाच्या उजेडात, मोडीतल्या चोपड्यांच्या नकला पाहायच्या. यात भाषण नाही, टाळ्या नाहीत, वर्तमानपत्रांत नाव येण्यासारखे काही नाही. प्रकरणामागून प्रकरण, रुपयांत आणि आण्यांत.

कायद्याने गुण दिला. पहिल्या वर्षांत सावकारांचे दावे झपाट्याने घटले. फुगवलेले आकडे खाली आले. गहाण पडलेल्या जमिनी हिशेब मागून सोडवून घेण्यासाठी कुळे आपण होऊन कोर्टात येऊ लागली. सुप्याच्या बाजारात ज्यांनी कागद जाळले होते त्यांच्याच भाईबंदांनी आता कागद मागावेत, ही गोष्ट लहान नव्हती.

पण सावकार काही स्वस्थ बसला नाही. कायदा गहाणखताच्या मागे जातो ना? मग गहाण घ्यायचेच नाही. सरळ खरेदीखत करून घ्यायचे. जमीन विकली असे कागदावर, आणि पैसे फेडलेस की परत देईन असे तोंडी. तोंडी बोलाला साक्षीदार सावकाराच्याच ओसरीवरचे. पूर्वी गहाण सोडवता तरी येत असे. आता जमीन कायद्याने गेलीच. हे इतके वाढले की पुढे कायद्यात दुरुस्ती करून खरेदीखताच्याही मागे जाण्याचा अधिकार कोर्टाला द्यावा लागला. ही जुनी गोष्ट वाटत असेल तर २०१४ सालचा महाराष्ट्राचा सावकारी नियमनाचा कायदा पाहावा. त्यातही सावकारीत खरेदीखताने गेलेली जमीन चौकशी करून परत देण्याचे कलम घालावे लागले आहे. एकशे पस्तीस वर्षांनी तीच युक्ती आणि तिच्यावर तोच उतारा.

दुसरा परिणाम जास्त खोल होता. सावकाराने देणेच कमी केले. जो पैसा परत येईल की नाही याची शाश्वती नाही, ज्याचे व्याज कोर्ट ठरवणार, तो द्यायचा कशाला? आणि कुणब्याला पैसा तर हवाच. बियाणे हवे, बैल मेला तर बैल हवा, आणि सर्वांत आधी सारा भरायला हवा. सावकार वाईट होता, हे खरे. पण गावात तो एकटाच होता. त्याच्या जागी सरकारने कुणालाही उभे केले नव्हते.

इथे जरा माझी गोष्ट सांगतो. १९९० साली केंद्र सरकारने दहा हजार रुपयांपर्यंतच्या थकलेल्या शेतीकर्जाला माफी दिली तेव्हा मी एका खेड्यातल्या शाखेत अधिकारी होतो. याद्या करताना रात्रीचे दहा वाजत. माफीचा दाखला हातात पडलेला शेतकरी दुसऱ्या दिवशी काउंटरवर येई आणि नवे कर्ज कधी मिळेल ते विचारी. वरून तोंडी सूचना आलेली असे की माफीवाल्यांच्या बाबतीत सबुरीने घ्या. ज्यांनी घरातली डाग-दागिने मोडून हप्ते वेळेवर भरले होते ते येऊन माझ्याकडे नुसते पाहत राहत. त्यांना द्यायला माझ्याकडे काही नव्हते. आणि यादीतल्या कितीजणांच्या डोक्यावर बँकेपेक्षा मोठे कर्ज गावच्या सावकाराचे होते, ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होते, रजिस्टरात मात्र त्याला रकाना नव्हता. २००८ च्या माफीत, २०१७ आणि २०१९ च्या राज्याच्या योजनांतही जे माफ झाले ते बँकांचे आणि सोसायट्यांचे. घरखर्चासाठी, आजारपणासाठी, मुलीच्या लग्नासाठी काढलेले खासगी कर्ज अशा माफीच्या वाटेला येत नाही. सरकारी योजनेतून तुमचे सगळे कर्ज साफ करून देतो असे सांगत कुणी दारात आला, आणि त्यासाठी आधी फी मागू लागला, तर एवढे लक्षात ठेवावे. लोकअदालतीत तडजोड होऊ शकते. नादारी मागण्याची कायदेशीर वाट आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. ओसरीवर येऊन थैली उघडणारे सरकार मात्र मी छत्तीस वर्षांच्या नोकरीत पाहिले नाही.

१८७९ च्या सरकारने तर थैलीला हातच लावला नव्हता. त्याने सावकाराचे व्याज कमी केले, सावकाराची जप्ती थांबवली, सावकाराला हप्ते पत्करायला लावले. स्वतःच्या साऱ्याला मात्र धक्का लागू दिला नाही. साऱ्याची थकबाकी वसूल करताना रोख्यामागचा हिशेब कुणी विचारत नव्हता. रानडे सरकारी नोकर होते, तरी सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातल्या आपल्या लेखांत त्यांनी हे वैगुण्य पुन्हा पुन्हा दाखवले. लेखांखाली बहुधा नाव नसे. आकारणी कायमची किंवा लांब मुदतीची करा, वसुली पिकाकडे पाहून करा, असे ते सांगत राहिले. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जुने कर्ज तोडता तसा नव्या कर्जाचा झराही काढून द्या.

या दुसऱ्या गोष्टीसाठी त्यांना एक इंग्रज सोबती मिळाला. सर विल्यम वेडरबर्न तेव्हा पुण्याला जिल्हा न्यायाधीश होते. त्यांनी शेतकी बँकेची योजना मांडली. प्रयोगासाठी पुरंदर तालुका धरला. योजनेचे दोन भाग होते आणि ते एकमेकांत अडकवलेले होते. आधी तालुक्यातल्या कुळांची जुनी कर्जे तपासून, वाजवी रक्कम ठरवून, सरकारने पुढे केलेल्या पैशातून सावकारांना एकरकमी चुकती करायची. मग बँकेने, तीही स्थानिक लोकांच्या भांडवलावर उभारलेल्या, माफक व्याजाने नवे कर्ज द्यायचे आणि हळूहळू वसुली करून सरकारचे पैसे फेडायचे. पुण्याच्या काही पैसेवाल्यांनी, त्यांत सावकारी करणारेही होते, पैसा घालायची तयारी दाखवली. रानड्यांनी १८८१ मध्ये जमिनीचे कायदे आणि शेतकी बँका यांवर लिहिले, प्रशियात सरकारने कुळांना जमीनदारांच्या देण्यातून कसे सोडवले याचा अभ्यास १८८३ मध्ये मांडला. मुंबई सरकार अनुकूल झाले. लॉर्ड रिपन यांच्या सरकारने १८८४ साली लंडनला शिफारस पाठवली.

लंडनने नाही म्हटले. एका तालुक्याचा प्रयोग, पण सरकारी पैसा आणि सरकारी वसुली खासगी बँकेसाठी वापरायची हे तिथल्या मंडळींना मानवले नाही. त्याऐवजी तगाईचे दोन कायदे आले, १८८३ चा आणि १८८४ चा. विहिरीसाठी, बांधासाठी, बियाण्यासाठी आणि बैलासाठी सरकार कर्ज देणार. पण मामलेदाराच्या कचेरीतली खेटे, तलाठ्याचा दाखला, आणि वसुली साऱ्यासारखी कडक. शिवाय जुन्या कर्जाला तगाईचा पैसा लागत नव्हता. कुणबी सावकाराकडेच जात राहिला.

रानडे थांबले नाहीत. १८९० च्या सुमारास त्यांनी असे सुचवले की पोस्टाच्या आणि सरकारी बचत बँकांत देशी माणसांचा जो पैसा साठतो आहे तो स्थानिक समित्यांच्या हवाली करून इथल्याच शेतीला आणि धंद्यांना का देऊ नये? १८९१ साली पुण्याच्या औद्योगिक परिषदेत त्यांनी जमिनीच्या तारणावरच्या पतपुरवठ्याची नवी घडी कशी बसवावी यावर निबंध वाचला. युरोपातल्या निरनिराळ्या देशांनी शेतकऱ्यांसाठी पतसंस्था कशा उभारल्या याची जंत्रीच त्यात आहे. परिषद भरवणाऱ्या मंडळींतही ते स्वतः होते.

या माणसाचे सगळेच मला पटते असे नाही. रानड्यांना जमीन विकण्यावर बंदी नको होती. भांडवल आणि अक्कल असलेल्यांच्या हाती काही जमीन गेली तर शेती सुधारेल; मोठे शेतकरी आणि लहान शेतकरी दोन्ही असावेत, असे त्यांचे मत होते. ज्याची पाच एकर जमीन गेली त्याच्या घरात त्या रात्री काय झाले असेल, हे अर्थशास्त्राच्या त्या पानांवर दिसत नाही. कादंबरी लिहिणाऱ्याला ते खुपते. पण खुर्चीवरचे रानडे निराळे दिसतात. तिथे त्यांनी पाच एकरवाल्याचा हिशेब पुन्हा मांडायला लावला. दोन्ही रानडे एकाच फिरतीवर होते.

१८९३ च्या सप्टेंबरात काशिनाथ त्रिंबक तेलंग वारले आणि त्यांच्या जागी हायकोर्टावर रानड्यांची नेमणूक झाली. पुण्याहून मुंबईला निघताना मोठा समारंभ झाला. कर्जाच्या मिसली मागे राहिल्या. पुढची वर्षे प्लेगची, मतभेदांची आणि मराठी सत्तेच्या इतिहासावरच्या पुस्तकाची. १८९९-१९०० चा दुष्काळ त्यांनी पाहिला. १६ जानेवारी १९०१ रोजी, एकोणसाठावे वर्ष पुरे व्हायला दोन दिवस असताना, ते गेले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई सरकारने जमीन महसुलाच्या कायद्यात दुरुस्ती आणली. दुष्काळात साऱ्यासाठी सरकारजमा झालेल्या जमिनी परत देताना त्या विकण्याचा, गहाण टाकण्याचा हक्क काढून घ्यायचा, म्हणजे सावकार जवळ येणार नाही, असा तिचा रोख होता. पैसा कुठून येणार याचे उत्तर पुन्हा त्यात नव्हते. फिरोजशहा मेहता, गोपाळ कृष्ण गोखले आणि त्यांचे सहकारी कौन्सिलातून उठून बाहेर गेले. गोखले तर रानड्यांच्या पायाशी बसून अर्थशास्त्र शिकलेले.

१९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा वरिष्ठ कायदेमंडळापुढे आला. नव्या कर्जाची सोय अखेर कागदावर आली होती, वेडरबर्न आणि रानडे यांच्या योजनेचा दुसरा भाग. पहिला भाग त्यात नव्हता. गोखल्यांनी विधेयकाला पाठिंबा दिला आणि विचारले की ज्यांच्या डोक्यावर सावकाराचे जुने कर्ज आहे त्यांनी या पेढीत यायचे कसे. ते कर्ज आधी मिटवण्याची काही व्यवस्था हवी. विधेयक त्या व्यवस्थेवाचूनच मंजूर झाले. रोख्यामागचा हिशेब विचारणारा १८७९ चा कायदा आपल्या कोर्टांत वेगळा चालूच होता, आणि १९४७ सालच्या नव्या कायद्याने जागा घेईपर्यंत तो तसाच वेगळा चालत राहिला.